टाकीतलं तेल, कढईतलं तेल

२०२१च्या ऑगस्टमध्ये लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं. असा भाव त्याआधी कुणी पाहिला नव्हता. त्याच दिवसांत नांदेडच्या पंपांवर पेट्रोल शंभरी ओलांडून पुढे निघून गेलं होतं. दोन्ही तेलं एकाच वेळी चढली आणि चढण्याची कारणंही बरीचशी सारखीच होती. कोरोनानंतर जगाचा कारभार पुन्हा सुरू झाला होता, जहाजांची भाडी वाढली होती, साठे आटले होते. मात्र पुढच्या चार महिन्यांत या दोन तेलांना दिल्लीकडून मिळालेली वागणूक अगदी वेगळी होती.

सोयाबीनचा भाव चढताच सरकार धावून आलं. पोल्ट्रीवाल्यांच्या मागणीवरून ऑगस्टमध्येच जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी मिळाली. खाद्यतेलावरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने खाली आणत ऑक्टोबरमध्ये कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ शुल्क शून्य केलं. त्याच महिन्यात साठ्यावर मर्यादा आली. २० डिसेंबरला सोयाबीनचे वायदे बंद झाले. नवा माल यार्डात आला तेव्हा भाव जवळजवळ निम्म्यावर उतरला होता. दहा हजारांचा भाव मिळाला तो ज्यांच्या गोदामात माल उरला होता त्यांना. बहुतेक शेतकऱ्यांनी आपलं सोयाबीन आदल्या दिवाळीच्या आगेमागे चार हजारांच्या आसपास विकून टाकलं होतं.

पेट्रोल-डिझेलच्या बाबतीत त्या काळात एकच उत्तर मिळत होतं: भाव बाजार ठरवतो. पेट्रोल २०१०मध्ये आणि डिझेल २०१४मध्ये नियंत्रणातून मोकळं झालं, १६ जून २०१७पासून भाव रोज बदलू लागले. हा बाजार वर जाताना नेमाने वर जातो. खाली येताना मात्र त्याला कोणीतरी धरून ठेवतं. एप्रिल २०२०मध्ये कच्चं तेल इतकं कोसळलं की २० तारखेला अमेरिकी वायद्याचा भाव शून्याच्याही खाली उणे ३७ डॉलरवर गेला. मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवर १० रुपये आणि डिझेलवर १३ रुपये उत्पादन शुल्क वाढवलं आणि स्वस्ताईचा लाभ तिजोरीत गेला. २०२०-२१ या एका वर्षात या शुल्कातून ३.७ लाख कोटींच्या घरात रक्कम जमा झाली. त्यातली थोडी सूट लोकांना मिळायला ४ नोव्हेंबर २०२१ची दिवाळी उजाडावी लागली.

खनिज तेल महाग झालं की शेतकऱ्याने बाजाराचा नियम पाळायचा आणि त्याच्या शेतातलं तेल महाग झालं की सरकारने बाजार थांबवायचा, असा हा व्यवहार आहे. तेलासाठी युद्धं होतात का, या प्रश्नाकडे मराठवाड्यातून पाहायचं तर मला इथूनच सुरुवात करावी लागते.

परभणी आणि नांदेडच्या इंधनदराची चर्चा महाराष्ट्रात दर काही वर्षांनी होते. सप्टेंबर २०१८मध्ये राज्यात पेट्रोल नव्वदीपार गेलं ते मुंबईच्या आधी परभणीत. २०२१च्या मे महिन्यात शंभरीही परभणीने मुंबईच्या आधीच गाठली. ना रिफायनरी, ना समुद्र, ना मोटारींची गर्दी, आणि दर राज्यात सर्वांत चढा. कारण साधं आहे. मुंबईच्या रिफायनऱ्यांमधून निघालेलं इंधन पाइपलाइनने मनमाडजवळच्या पानेवाडीपर्यंत येतं, तिथून पुढे टँकर. मनमाड ते परभणी-नांदेड हा तीन-साडेतीनशे किलोमीटरचा रस्ता प्रत्येक लिटरमागे आपलं भाडं लावतो. लातूरला सोलापूरजवळच्या पाकणीचा डेपो त्या मानाने जवळ पडतो. वर मूल्यवर्धित कर हा भाड्यासकटच्या किमतीवर टक्क्यांनी लागत असल्याने जो डेपोपासून जास्त लांब, तो करही थोडा जास्तच भरतो.

हा रस्ता किती नाजूक आहे ते जानेवारी २०२४च्या पहिल्या दोन दिवसांत दिसलं. नव्या न्यायसंहितेतल्या अपघाताच्या कलमाविरोधात ट्रकचालकांनी चाकं थांबवली, पानेवाडीतून टँकर निघेनात, आणि मराठवाड्यात पंपांवर दुचाकींच्या रांगा रस्त्यापर्यंत आल्या. आखाती तेल जिथून बाहेर पडतं त्या होर्मुझच्या सामुद्रधुनीत काहीही घडलं नव्हतं, जगात तेल मुबलक होतं, तरी टाक्या कोरड्या पडल्या.

इंधनाच्या करात आमच्या भागाचा एक धागा आहे आणि तो मला फार बोचतो. २०१५चा मराठवाड्यातला दुष्काळ आठवा. राज्य सरकारने १ ऑक्टोबर २०१५पासून पेट्रोल आणि डिझेलवर लिटरला दोन रुपयांचा दुष्काळी अधिभार लावला. दारू, सिगारेट, सोनं यांवरही लावला. पैसा दुष्काळी भागासाठी, म्हणजे प्रामुख्याने आमच्यासाठी. पण तो लातूर-नांदेडच्या पंपावरही वसूल होत होता. बोअर आटलेला शेतकरी पाण्याचा टँकर मागवायचा, टँकरच्या डिझेलमध्ये दुष्काळी अधिभार होता आणि तो अखेरीस त्याच्याच खिशातून जात होता. पुढच्या पावसाळ्यात मांजरा धरण भरलं, दुष्काळ सरला, अधिभार मात्र राहिला आणि वाढतही गेला.

त्याच दुष्काळात १२ एप्रिल २०१६ला पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा डबे, सुमारे पाच लाख लिटर पाणी. हे डबे मुळात तेल वाहून नेणाऱ्या जातीचे. राजस्थानातल्या कोटा इथल्या रेल्वे कारखान्यात ते वाफेने धुऊन काढले आणि मग पाणी भरलं. लातूरकरांनी काही महिने तेलाच्या डब्यांतून आलेलं पाणी प्यायलं. पाणी तेलासारखं वाहून आणावं लागतं तेव्हा डिझेलचा भाव हा पिण्याच्या पाण्याचाही भाव होतो. शहरात बसून इंधनदराची चर्चा करणाऱ्यांच्या हिशेबात ही गोष्ट सहसा नसते.

आता युद्धाकडे वळू. तेलासाठी मराठी माणूस परदेशात लढायला गेल्याला शंभराहून अधिक वर्षं झाली आणि त्या मोहिमेची आपल्याकडे फारशी आठवणही ठेवली जात नाही. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश आरमार कोळसा सोडून तेलाकडे वळू लागलं होतं. इराणमधलं तेल अबादानच्या रिफायनरीत येत होतं आणि १९१४मध्ये ब्रिटिश सरकारने ते काढणाऱ्या अँग्लो-पर्शियन कंपनीचा ५१ टक्के हिस्सा विकत घेतला. तुर्कस्तान युद्धात उतरलं आणि ६ नोव्हेंबर १९१४ला इराकच्या दक्षिण टोकाला, फाओ इथे हिंदी फौज उतरली. ती होती सहावी पूना डिव्हिजन. तिच्या सर्वांत आधी उतरलेल्या ब्रिगेडमध्ये ११७वी मराठा पलटण होती. नंतर १०३ आणि ११० क्रमांकाच्या मराठा पलटणीही तिथे लढल्या. कोकण-सातारा भागातली ही पोरं. नांदेड-लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात. निजामाचे लान्सर्स इजिप्त-पॅलेस्टाइनच्या आघाडीवर गेले.

मोहिमेच्या उद्देशांत अबादानचं तेल राखणं होतं यात शंका नाही. पण तेवढंच नव्हतं. आखातातल्या शेखांवरचा वचक, जर्मनांची धास्ती, हिंदुस्थानच्या वाटेची काळजी हेही होतं. काही आठवड्यांत अबादान सुरक्षित झालं आणि बसरा हाती आलं. इथे थांबता आलं असतं. त्याऐवजी फौज बगदादच्या दिशेने वर ढकलली गेली, मागे हटली आणि डिसेंबर १९१५पासून कुत-अल-अमारा इथे १४७ दिवस वेढ्यात अडकली. २९ एप्रिल १९१६ला सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली. त्यांतली बरीच अनातोलियाच्या वाटेवर भुकेने आणि रोगाने मेली. बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली आहेत. हिंदी शिपायांची नोंद बहुतांशी फक्त संख्येने आहे.

युद्ध आणि तेल यांचं नातं मला या मोहिमेत सर्वांत स्वच्छ दिसतं. तेल हे कारणांपैकी एक होतं, आणि युद्धाने ते कारण केव्हाच मागे टाकलं. पुढच्या युद्धांतही थोड्याफार फरकाने हेच आढळतं. १९७३च्या ऑक्टोबरचं अरब-इस्रायल युद्ध सिनाई आणि गोलान यांसाठी झालं, तेलासाठी नाही. तेल तिथे हत्यार म्हणून वापरलं गेलं आणि पिंपाचा भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाला. आमच्याकडे ७२च्या दुष्काळातलं खडी फोडायचं काम नुकतंच संपत होतं. सुकडी खाऊन जगलेल्या घरांवर पुढच्याच वर्षी रॉकेल आणि डिझेलची महागाई येऊन आदळली. म्हातारी माणसं दुष्काळ सांगतात, त्या महागाईचं नाव वेगळं घेत नाहीत, कारण त्यांच्या आठवणीत ती एकच आपत्ती आहे.

ऑगस्ट १९९०मध्ये इराकने कुवेत गिळलं ते मात्र उघडउघड तेलासाठी. त्या संकटाचा भारताच्या परकीय चलनावर इतका ताण आला की १९९१मध्ये सोनं गहाण टाकावं लागलं. २००३च्या इराक युद्धाबद्दल अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे माजी प्रमुख ॲलन ग्रीनस्पॅन यांनी आत्मचरित्रात ते मुख्यतः तेलासाठी झालं असं लिहून टाकलं. पण इराकच्या तेलक्षेत्रांच्या २००९च्या लिलावात रुमैलाचं सर्वांत मोठं क्षेत्र गेलं ब्रिटनच्या बीपीकडे आणि चीनच्या सीएनपीसीकडे. अभ्यासकांतही एकमत नाही. जेफ कोल्गन यांच्या मते १९७३नंतर देशा-देशांत झालेल्या युद्धांपैकी पाव ते निम्मी युद्धं या ना त्या वाटेने तेलाशी जोडलेली आहेत. एमिली मायर्डिंग २०२०च्या आपल्या पुस्तकात म्हणतात की निव्वळ तेल बळकावण्यासाठी देश सहसा युद्ध करतच नाहीत. विहिरी जिंकून तेल विकणं फार महाग आणि किचकट काम आहे.

मला मायर्डिंग यांचं म्हणणं जास्त पटतं, पण तिथे थांबवत नाही. तेलाच्या पैशावर फौजा पोसल्या जातात, शेजाऱ्याला धमकावण्याची हिंमत त्याच पैशातून येते, आणि युद्ध सुरू झालं की ज्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही असा माणूस त्याचं बिल भरतो. हेतू सिद्ध करण्यात आयुष्य जाईल. बिल मात्र लगेच दिसतं, आणि ते कुणाच्या नावावर फाडायचं हे आपल्याच देशात ठरतं.

२४ फेब्रुवारी २०२२ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा हे बिल दोन्ही तेलांचं मिळून आलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ब्रेंट कच्चं तेल पिंपाला १३९ डॉलरला भिडलं. आपलं सूर्यफूल तेल बहुतेक युक्रेन आणि रशियातून यायचं, ते अडकलं. २८ एप्रिलला इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यातच बंद केली, ती २३ मेपर्यंत. टाकी आणि कढई यांच्यात आता भिंत उरलेली नाही. इंडोनेशिया पाम तेल डिझेलमध्ये मिसळतो. तेव्हा हे प्रमाण ३० टक्के होतं, २०२५मध्ये ४० टक्के झालं. अमेरिका आणि ब्राझील सोयाबीन तेलाचं बायोडिझेल करतात. म्हणून खनिज तेल चढलं की पाम आणि सोयाबीन तेल त्याच्यामागे चढतं. तिसरं बिल खताचं. युरिया नैसर्गिक वायूपासून होतो, डीएपीचा कच्चा माल बाहेरून येतो. २०२२-२३ला केंद्राचं खत अनुदान अडीच लाख कोटींच्या वर गेलं. डीएपीची गोणी १३५० रुपयांवर राहिली ती त्यामुळेच, आणि इथे सरकारने खरोखर भार उचलला हे सांगायला हवं.

त्या वसंतात सोयाबीन सात हजारांच्या वर होतं. मग जगाचे भाव उतरले. युक्रेनचं सूर्यफूल बाहेर पडलं, पाम घसरलं. आता आयात शुल्क परत वर न्यायला हवं होतं. ते दोन वर्षं तसंच ठेवलं, उपकर धरून ५.५ टक्के. स्वस्त तेल बंदरांवर उतरत राहिलं. २०२२च्या दिवाळीत राज्य सरकारने ‘आनंदाचा शिधा’ वाटला: शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पाम तेल. ज्या गावांच्या शिवारात सोयाबीनच्या बनीमी, म्हणजे गंजी, उभ्या होत्या, त्या गावांतल्या रेशन दुकानांत मलेशिया-इंडोनेशियाच्या पामची पाकिटं पोचली. मजुराच्या घरी दिवाळीला तळण होणं मोलाचं आहे, त्याबद्दल वाद नाही. ते तेल इथल्याच घाण्यातून आणि प्लांटमधून घेता आलं असतं, इतकंच.

गरीब गिऱ्हाइकाचं नाव पुढे करूनच हे धोरण चालतं, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं. २०२२ला तेलाचं पाकीट पावणेदोनशेच्या आसपास गेलं तेव्हा भूमिहीन घरांनी फोडणी कमी केली हे खरं आहे. पण तेच घर एसटीने प्रवास करतं, गिरणीत दळण नेतं, आठवडी बाजारात टेम्पोने आलेली भाजी घेतं. त्याची एवढी काळजी असेल तर डिझेलवर ती का दिसली नाही? जून २०२२मध्ये भारत घेतो त्या कच्च्या तेलाचा सरासरी भाव पिंपाला ११६ डॉलर होता. २०२५च्या ऑक्टोबरात ब्रेंट ६५ डॉलरच्या खाली होतं. मुंबईत पेट्रोल २०२२च्या जुलैतल्या करकपातीनंतर १०६ होतं, २०२५च्या ऑक्टोबरात एकशे साडेतीन होतं. नांदेडला तेव्हा त्याहून दोन-तीन रुपये वर. भाव चढे असताना तेल कंपन्यांनी तोटा सोसला हे मान्य. एप्रिल ते सप्टेंबर २०२२ या सहा महिन्यांत तीन सरकारी कंपन्यांना मिळून २१ हजार कोटींचा तोटा झाला. मग २०२३-२४ला त्यांचाच नफा ८१ हजार कोटींच्या आसपास गेला.

सोयाबीन पडण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते थेट पेट्रोलच्या टाकीतून येतं. सोयाबीनच्या दाण्यात तेल जेमतेम अठरा टक्के. बाकी बहुतेक पेंड, म्हणून भाव तेलापेक्षा पेंडीवर चालतो. आयात तेल वाचवण्यासाठी आपण पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळू लागलो. ते उसापासून आलं तोवर मांजरा खोऱ्यातल्या कारखान्यांना बरं होतं. मग मका आणि तांदळापासून इथेनॉल सुरू झालं. त्यातून उरलेला चोथा, बाजारात ज्याला डीडीजीएस म्हणतात, प्रथिनांनी भरलेला आणि पेंडीहून कितीतरी स्वस्त. कोंबडी आणि जनावरांच्या खाद्यात त्याने सोयापेंडीची जागा घेतली. पेंडीला उठाव नाही म्हणून प्लांटवाले सोयाबीनला भाव देईनात. २०२४ला हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि लातूरचा सौदा चार हजारांच्या आसपास निघत होता. परदेशी तेलावरचं अवलंबन कमी करण्याचं धोरण चांगलं असेल, पण त्याचा खर्च सोयाबीनवाल्याने भरला आणि त्याला कुणी विचारलं नाही.

सप्टेंबर २०२४मध्ये विधानसभेची निवडणूक दोन महिन्यांवर असताना कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क २७.५ टक्क्यांवर नेलं. उशीर झाला होता, पेंडीचा प्रश्न तसाच होता, भाव हलला नाही. नोव्हेंबरात खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२वरून १५ टक्के केली. आणि ३० मे २०२५ला, पेरणीच्या तोंडावर, शुल्क पुन्हा १६.५ टक्क्यांवर आणलं.

एके काळी हे चित्र वेगळं होतं. १९८६ला तेलबिया मिशन सुरू झालं आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. मराठवाड्याच्या काळ्या रानात रब्बीला करडई असायची, कडेने जवस. लातूरचं गळीतधान्य संशोधन केंद्र त्याच काळ्या मातीवर उभं आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने करडईचे वाण दिले. १९९४ला पामची आयात खुली झाली आणि पुढच्या काही वर्षांत शुल्क उतरत गेलं. आज देश वर्षाला सुमारे १६० लाख टन खाद्यतेल बाहेरून आणतो, गरजेच्या निम्म्याहून अधिक. खनिज तेल जमिनीत नाही म्हणून ८५ टक्क्यांहून अधिक आणावं लागतं, त्याला इलाज नव्हता. कढईतल्या तेलाचं अवलंबन आपण धोरणाने ओढवून घेतलं.

२०२५मध्ये तर दोन तेलांची गाठ आणखी घट्ट झाली. जूनमध्ये इस्रायल-इराण युद्ध पेटलं, जगाच्या पाचव्या हिश्शाचं तेल जिथून जातं त्या होर्मुझची चर्चा झाली, ब्रेंट ऐंशीच्या जवळ जाऊन काही दिवसांत उतरलं. नांदेडच्या पंपावर काही बदललं नाही. पण ऑगस्टमध्ये रशियाचं तेल घेता म्हणून अमेरिकेने भारतीय मालावर आणखी २५ टक्के शुल्क बसवलं, एकूण ५० टक्के. त्याच वर्षी चीनने अमेरिकेचं सोयाबीन घेणं थांबवलं होतं आणि तिथल्या शेतकऱ्यांना गिऱ्हाईक हवं होतं. भारत-अमेरिका वाटाघाटींच्या टेबलावर रशियाच्या तेलाशेजारी मका आणि सोयाबीन येऊन बसलं. युक्रेनमधल्या युद्धाचा हिशेब अशा रीतीने लातूरच्या औसा-निलंग्याच्या शिवारापर्यंत येऊ शकतो.

आणि त्या वर्षी शिवारात काय होतं? ऑगस्टमध्ये नांदेडच्या मुखेड तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला, गावं पाण्यात गेली. सप्टेंबरात सगळ्या मराठवाड्यात अतिवृष्टी. शेंगा रानातच फुगल्या, काहींना कोंब फुटले. चिखलात ट्रॅक्टर घालता येईना, हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, बांधापर्यंत नेण्यासाठी डिझेल दुप्पट जळालं. यार्डात गोणी ओतली की खरेदीदार मूठभर दाणे हातावर घेतो, काळे पडलेले बाजूला सारतो, एखादा दाताखाली फोडतो आणि उरलेले मॉइश्चर यंत्राच्या कपात टाकतो. आकडा अठरा-वीस दिसला की बोली तिथेच तुटते. २०२५चा हमीभाव ५,३२८ होता. चांगल्या मालाचा सौदा चार हजारांच्या आसपास निघत होता, डागी मालाला त्याहून बराच कमी.

मागणी अवघड नाही. आयात शुल्क हमीभावाला बांधा: परदेशी तेल आणि पेंड यांच्यामुळे सोयाबीन हमीभावाखाली जाऊ लागलं की शुल्क आपोआप वर जावं, भाव फार चढला की आपोआप खाली यावं, आणि हे पेरणीच्या आधी जाहीर असावं. डिझेलवरच्या कराला तोच नियम लावा. कच्चं तेल ठरावीक पातळीच्या वर गेलं की कर उतरावा. इथेनॉलच्या चोथ्याने पेंडीचं जे नुकसान केलं, ते इथेनॉलच्याच हिशेबात धरावं. यातलं काहीही तेहरान किंवा मॉस्कोत ठरत नाही. २०२५च्या दिवाळीआधी राज्यात सोयाबीनची हमीभाव खरेदी सुरू झालेली नव्हती, आणि सणाच्या बाजारासाठी माल गाडीत भरून लोक यार्डाकडे निघाले होते.